बॉम्ब सायक्लोन म्हणजे बॉम्ब नव्हे, चक्रीवादळही नव्हे: या चुका टाळा

दर हिवाळ्यात अमेरिकेतून ‘बॉम्ब सायक्लोन’ची, म्हणजे एका दिवसात झपाट्याने तीव्र होणाऱ्या वादळाची, बातमी येते आणि आपल्याकडे त्याच त्या चुका पुन्हा छापल्या जातात. वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं हवामानाच्या बातम्या तपासल्यावर माझं मत पक्कं झालंय: ज्याला हा शब्द वापरायचाय त्याने त्याची व्याख्या पाठच करावी. पाच मिनिटांचं काम आहे.

शब्दाचं शब्दशः भाषांतर

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. जानेवारी 2018 मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असं वादळ आलं. मी रात्रपाळीला होतो. नव्या उपसंपादकाने एजन्सीची कॉपी मशीनमधून भाषांतरित करून घेतली आणि मथळा लावला: ‘अमेरिकेच्या किनाऱ्यावर बॉम्बचा तडाखा’. वादळाचा उल्लेख थेट दुसऱ्या परिच्छेदात. पान सोडायची घाई होती, मी मथळ्यावरून नजर फिरवली आणि पान सोडलं. सकाळी साडेसातला सांगलीहून एका आजोबांचा फोन आला. ‘साहेब, बॉम्ब कुणी टाकला हो? नातू तिकडंच आहे, पहाटेपासनं फोन लागंना.’ त्यांचा आवाज थरथरत होता. हिमवादळ आहे, युद्ध नाही, हे समजावायला मला दहा मिनिटं लागली. तो मथळा मीच पास केला होता, म्हणून ते दहा मिनिटांचं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं.

यातला ‘बॉम्ब’ स्फोटाचा नाही, वेगाचा आहे. वादळाच्या केंद्रातला हवेचा दाब 24 तासांत किमान 24 हेक्टोपास्कलने (हे दाब मोजायचं एकक) उतरला तर ते वादळ ‘बॉम्ब’. हा शब्द वाहिन्यांनी काढला असं ठामपणे सांगणारेही भेटतात. तसं नाही. फ्रेडरिक सँडर्स आणि जॉन ग्याकुम या हवामानशास्त्रज्ञांनी 1980 च्या शोधनिबंधात तो रूढ केला. त्याच्या मुळाशी तोर बर्गरॉन या स्वीडिश शास्त्रज्ञाची ताशी एक हेक्टोपास्कल ही कसोटी होती. 2018 च्या त्या वादळात दाब 24 तासांत सुमारे 59 हेक्टोपास्कलने घसरला होता. मथळ्यात हाच आकडा हवा होता.

जपानची हवामान संस्था तर ‘बॉम्ब’ हा शब्दच टाळते, ‘झपाट्याने विकसित होणारा कमी दाब’ असं म्हणते. मीही मथळ्यात ‘झपाट्याने तीव्र झालेलं वादळ’ असं लिहितो आणि ‘बॉम्ब सायक्लोन’ आत एकदा, अर्थासकट देतो.

‘सायक्लोन’ दिसलं की चक्रीवादळ

शाळेच्या भूगोलात आपण आवर्त आणि प्रत्यावर्त शिकलो. सायक्लोन म्हणजे आवर्त, मधोमध कमी दाब आणि भोवती फिरणारं वारं. मराठी वाचक मात्र ‘चक्रीवादळ’ म्हटलं की ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ ही वादळंच डोळ्यासमोर आणतो. ती उष्ण कटिबंधातली आवर्तं, गरम समुद्राच्या वाफेवर पोसलेली. बॉम्ब सायक्लोन हे समशीतोष्ण पट्ट्यातलं आवर्त. एकीकडे थंड हवा, दुसरीकडे उबदार, आणि त्या फरकातून त्याला ताकद मिळते. वरच्या थरातला जेट प्रवाह, म्हणजे उंचावरून वाहणारा वेगवान वारा, हवा बाहेर ओढून नेतो, खालून येणारी भरपाई तेवढी पुरत नाही आणि दाब कोसळतो. म्हणूनच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या गल्फ स्ट्रीम या उबदार समुद्रप्रवाहाचा पट्टा आणि जपानजवळचा तसाच कुरोशियो प्रवाह ही त्याची आवडती ठिकाणं, आणि थंडीचे महिने हा हंगाम.

मे 2021 मध्ये तौक्ते आलं तेव्हा ‘अरबी समुद्रात बॉम्ब सायक्लोन’ असे फॉरवर्ड माझ्याही फोनवर आले. एका हुशार पण उतावळ्या मुलाने तर मला गणित करून दाखवलं. कसोटीचा 24 हा आकडा 60 अक्षांशाचा आहे. इतर ठिकाणी त्या अक्षांशाच्या साइनला 60 अंशाच्या साइनने भागून 24 ने गुणायचं. बोस्टनच्या 42 अंशांवर साडेअठरा येतात. त्याने मुंबईचे 19 अंश घातले, 9 आले आणि त्याने निकाल देऊन टाकला. सूत्र बरोबर, पण ज्यासाठी ते बनलं त्या पट्ट्याबाहेर नेलेलं. तिथे नऊ हेक्टोपास्कलची घसरण ही मोठी गोष्ट नाही, मग जरा जोर धरणारं प्रत्येक वादळ ‘बॉम्ब’ ठरेल. सूत्र चटकन सापडतं, ते कशाचं आहे हे वाचायला मात्र कुणाला वेळ नसतो.

उष्ण कटिबंधासाठी कसोटी वेगळी आहे आणि ती दाबाची नाही, वाऱ्याची आहे: 24 तासांत वाऱ्याचा वेग 30 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटरने वाढला तर ‘जलद तीव्रीकरण’. ऑक्टोबर 2023 मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोवर आदळलेलं ओटिस चक्रीवादळ आठवा. जेमतेम एका दिवसात ते साध्या वादळापासून पाचव्या, म्हणजे सर्वात तीव्र श्रेणीपर्यंत गेलं. किनाऱ्यावरच्या लोकांना तयारीला वेळच मिळाला नाही. म्हणून कोकणातल्या बातमीत ‘जलद तीव्रीकरण’ हा शब्द जपून आणि बरोबर वापरायला हवा. नौका परत बोलवायच्या की नाही, हे त्यावर ठरू शकतं.

बाकीच्या चुका

‘दाब 950 हेक्टोपास्कल आहे, म्हणजे बॉम्ब.’ नाही. एका आकड्यावरून काहीच ठरत नाही, 24 तासांच्या अंतरानं घेतलेले दोन आकडे लागतात. मी दोन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहितो, मगच मथळ्याला हात लावतो.

बॉम्ब सायक्लोन म्हणजे हिमवादळ असंही नाही. काहींत फक्त पाऊस आणि वारा असतो.

मिलिबार आणि हेक्टोपास्कल एकच, रूपांतर करत बसू नका. अमेरिकी बातमीत मात्र दाब पाऱ्याच्या इंचात असतो. एक इंच म्हणजे सुमारे 33.9 हेक्टोपास्कल, तेव्हा 29 हा आकडा दिसला की आधी एकक पाहा.