पोहण्याच्या तलावाच्या टाइल्सवर पांढरा थर बसतोय? या चुका टाळा

एप्रिल सरत आला की सांगली-मिरजेकडच्या सोसायट्या आणि फार्महाऊसवाल्यांचे फोन सुरू होतात. पाण्याच्या रेघेवर पांढरा, खरखरीत पट्टा धरलाय, पोरांचे गुडघे खरचटतायत, ॲसिडनं घासू का? घासून थर निघतो, पण महिन्याभरात पुन्हा बसतो, आणि दर वेळी टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट थोडं थोडं झिजत जातं. थर टाइल्सवर दिसत असला तरी बिघाड पाण्यात असतो.

"आमचं बोअरचं पाणीच जड, डाळसुद्धा शिजत नाही, त्याला काय करणार?" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो. पाणी जड आहे हे खरं, पण नुसत्या हार्डनेसनं थर बसत नाही. पीएच, अल्कलिनिटी (पाण्याची ॲसिड पचवण्याची ताकद), कॅल्शियम हार्डनेस (पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम) आणि तापमान या चौघांची बेरीज जास्त झाली की कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे तोच पांढरा थर, पाण्यातून बाहेर पडतं. उदाहरण घ्या. पाणी 29 अंश सेल्सिअसवर, कॅल्शियम हार्डनेस 500, अल्कलिनिटी 200 (दोन्ही लिटरमागे मिलिग्रॅममध्ये), पीएच 7.8. या चौघांवरून निघणारा, पाणी थर बसवेल की सिमेंट खाईल ते सांगणारा लँगेलियर निर्देशांक येतो साधारण +1.0, म्हणजे थर बसणारच. त्याच पाण्याची अल्कलिनिटी 80 आणि पीएच 7.2 वर आणा, हार्डनेसला हातही लावू नका. निर्देशांक शून्यावर येतो. हा आकडा उणे 0.3 ते अधिक 0.3 मध्ये ठेवायचा. त्याखाली गेलात तर पाणी उलट सिमेंटच खायला लागतं.

हे आकडे मिळतात टेस्ट किटमधून, आणि तिथंच बऱ्याच जणांची गफलत होते. नमुना वरवरचा घेतात, किंवा पाणी आत येतं त्या तोंडाजवळचा. हात कोपरापर्यंत बुडवून, तोंडापासून लांब बाटली भरा. क्लोरिन नुकतंच टाकलं असेल तर पीएचचा रंग जांभळट होऊन फसवतो. ते खाली येईपर्यंत थांबा. आणि टोटल हार्डनेस व कॅल्शियम हार्डनेस एक नाही, पहिल्यात मॅग्नेशियमही धरलेलं असतं. हिशेबात कॅल्शियमचाच आकडा घ्यायचा.

आता ब्लीचिंग पावडर. स्वस्त म्हणून रोज तीच टाकतात, पण तिच्यात चुना असतो. क्लोरिनबरोबर कॅल्शियमही जातं आणि पीएचही चढतो. पाणी जड असेल तर लिक्विड क्लोरिन (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) वापरा. त्यानंही पीएच थोडा वर जातो, पण कॅल्शियम वाढत नाही. पावडरच वापरायची असेल तर आदल्या रात्री बादलीत भिजवून वरची निवळी तेवढी ओता, खालचा गाळ तलावात नको.

उन्हाळ्यात आटलेलं पाणी बोअरनं भरून काढणं ही चूक चूक वाटतच नाही, म्हणून तिच्यावर माझा सगळ्यात जास्त राग. पाणी उडून जातं, क्षार मागेच राहतात. 25 बाय 12 मीटरच्या तलावात 1 मिलिमीटर पाणी आटलं म्हणजे 300 लिटर गेले. रोज 2,000 लिटर भर घातलीत आणि बोअरच्या पाण्याचा कॅल्शियम हार्डनेस 600 असला, तर कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानं रोज 1.2 किलो भर पडते. भर घालायला नळाचं, नदीचं पाणी मिळत असेल तर आधी त्याची हार्डनेस तपासा आणि कमी निघाली तर तेच वापरा.

अल्कलिनिटी आणि पीएच खाली आणायला ॲसिड टाकतात, पण ते एका दमात ओतू नका. लाख लिटर पाण्यात अल्कलिनिटी 10 नं उतरवायला 30-33 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण 2 लिटर लागतं. एका वेळी तेवढंच, पंप चालू ठेवून, तलावात कोणी नसताना टाका, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. पातळ करायचं तर पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडमध्ये पाणी कधीच नको. ब्लीचिंग पावडरची आणि ॲसिडची बादली एक करू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो आणि माणूस जागेवर गुदमरतो.

ॲसिडनं हार्डनेस मात्र कमी होत नाही. 600 वर गेलेलं अर्धं पाणी काढून 100 चं भरलं तर 350 येते, बाकी उपाय महागडे. पाणी काढायचंच तर जूनपर्यंत थांबा आणि छपरावरचं पावसाचं पाणी गाळून तलावात घ्या, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच.