बाळ पायाळू असेल तर मोक्साचा शेक कसा घ्यायचा
सोनोग्राफीत बाळ पायाळू दिसलं की लगेच घाबरू नका, बरीच बाळं आपोआप फिरतात. चीनमध्ये यासाठी मोक्सा देतात, म्हणजे आपल्या दवण्याच्याच कुळातल्या एका झाडाच्या सुक्या पानांची जाड कांडी पेटवून शेक. साधारण ३३ ते ३५ आठवड्यांत करतात, पण आधी गायनॅकला विचारायचंच, ब्लीडिंग, वार खाली, जुळं, पाणी गेलेलं असं काही असेल तर नादच सोडा.

जागा म्हणजे पायाच्या करंगळीच्या नखाचा बाहेरचा कोपरा. रेलून बसा आणि कांडी नवऱ्याला धरायला लावा, कारण त्या पोटाने तुम्ही वाकणार कशा, त्वचेला टेकवायची नाही, २-३ सेंमी लांब, ऊब लागली पाहिजे चटका नाही. एका पायाला १५-२० मिनिटं, दिवसातून एकदा-दोनदा, आठवडाभर. धूर भयंकर होतो, खिडक्या उघड्या ठेवा. पोट दुखलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर बंद करून थेट हॉस्पिटल.

१९९८ च्या चीनमधल्या ट्रायलमध्ये मोक्सावाल्या ७५ टक्के बाळांचं डोकं खाली आलं, बाकीच्यांत ४८, नंतरच्या काही ट्रायल्समध्ये मात्र एवढा फरक दिसला नाही, म्हणून डॉक्टरांनी पोटावरून हाताने बाळ फिरवायचं असतं ना ३६-३७ आठवड्यांना, त्याबद्दलही आत्ताच बोलून ठेवा.