जुन्या व्हॅनचा ऑटोमॅटिक गिअर उशिरा लागत होता: माझा अनुभव

थंड इंजिनवर डी (ड्राइव्ह, पुढे जायचा गिअर) टाकला की व्हॅन क्षणभर तशीच उभी, मग हिसका देऊन निघायची. गिअरबॉक्सचं ऑइल काळपट, पातळी बरोबर. ऑइलमध्ये मिसळायचं अ‍ॅडिटिव्ह घातलं, एकदा नुसता ड्रेन बोल्ट खोलून ऑइल बदललं; फरक शून्य. वैताग आला होता.

ड्रेन बोल्टमधून सगळं ऑइल निघतच नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) उरतं. जुनं-नवं मिसळतं, म्हणून एका फेरीत भागत नाही.

शेवटी जमलं ते असं. गाडी कोमट करून स्टँडवर सपाट घेतली. भरायची वाट आधी मोकळी करून पाहिली, मगच ड्रेन बोल्ट खोलला. निघालेलं ऑइल मोजलं. पॅन (गिअरबॉक्सखालची ऑइलची तबकडी) उतरवला, त्यातल्या चुंबकावर करडा, मऊ लेप होता, तेवढा चालतो. बोटाला टोचणारे कण असते तर काम तिथेच थांबवलं असतं. फिल्टर, गॅस्केट नवीन. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळायच्या जोराने) आवळले. निघालं तेवढंच, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रतीचं ऑइल भरलं. ब्रेक दाबून प्रत्येक गिअरवर थोडं थांबलो. पातळी ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून बघितली (काही गाड्यांत बंद करून बघतात, मॅन्युअल पाहा). काही दिवस चालवून पुन्हा ड्रेन, पुन्हा भरणं, डिपस्टिकवर (पातळी बघायच्या पट्टीवर) ऑइल नव्यासारखं लाल दिसेपर्यंत. आता डी लगेच लागतो.