भीमबेटक्याची शैलचित्रे कशी पाहावीत?

पन्हाळ्याचा काळा कातळ रोज पाहणाऱ्या कोल्हापूरकराने भीमबेटक्याला निघण्यापूर्वी दगडातला फरक समजून घ्यावा. आपला बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनला; भीमबेटक्याचा, म्हणजे भोपाळच्या दक्षिणेकडील, विंध्य वालुकाश्म मात्र त्याहून कितीतरी जुन्या, पाण्याखाली साचलेल्या वाळूचा आहे. पोहाळ्याची लेणी माणसाने कोरली, तर भीमबेटक्याचे शैलाश्रय, म्हणजे खडकातले नैसर्गिक निवारे, ऊन, वारा आणि पाणी यांनी मऊ थर झिजवून घडवले. म्हणून चित्रांकडे धावण्याआधी खडकाचे थर न्याहाळावेत.

चित्रे सावकाश, शक्य तर दुर्बिणीने पाहावीत. एकावर एक रंगवलेल्या आकृतींमध्ये कोणती रेषा कोणत्या रेषेला झाकते हे शोधावे, कारण काळाचा क्रम तिथेच उलगडतो: शिकारी आणि रानजनावरे बहुधा आधीची, घोडेस्वार आणि ढाल-तलवारी नंतरच्या. लाल रंग गेरूचा, म्हणजे लोहयुक्त खनिजाचा, असल्यामुळे टिकला. हा ठेवा १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर यांनी जगासमोर आणला, याचा मराठी माणसाला रास्त अभिमान वाटतो.

भिंतीला हात लावू नये आणि चित्र उजळावे म्हणून पाणी तर मुळीच शिंपडू नये; ओलाव्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागतात.