मृगाच्या सरी आधी की निंबोळ्या आधी? वाळवणाची घाई करा

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो आणि कडुनिंब नेमका त्याच्या मागेपुढे पिकतो. म्हणून इथल्या निंबोळीचं गणित विदर्भ-मराठवाड्याच्या गणिताला जुळत नाही. तिकडे अंगणात टाकलेलं बी वाळतं, इथे त्याला बुरशी येते. गोराई-मनोरीची वांगी-भेंडी असो, रुळालगतचा माठ-पालक असो की गच्चीवरचा मोगरा, ऑक्टोबरात निंबोळीच्या बियांचा अर्क फवारूनही कीड हटत नाही अशी तक्रार आली की पोतं उघडून पाहावं. बहुतेक वेळा आत काळपट, कुबट वासाचं बी निघतं. अर्क वाईट नसतो, बी वाळवलेलं नसतं.

पहिली सर पडायच्या आत जेवढ्या निंबोळ्या हाती लागतील तेवढ्या गोळा करा. पिवळी, नुकतीच गळलेली फळं घ्या. हिरवी ओरबाडू नका, त्यांत अझाडिरॅक्टिन, म्हणजे कीड रोखणारं बियातलं द्रव्य, कमी भरतं. गटाराकाठची, चिखलात रुतलेली नकोत. बकाणनिंबाची फळंही नकोत. ती गोल असतात आणि पानं गळाल्यावरही झाडाला घोसाने लटकत राहतात. कावळ्यांनी आणि वटवाघळांनी गर खाऊन टाकलेलं बी स्वच्छ आणि पक्कं असतं, असा बागवानांचा अनुभव आहे. कोरड्या जागी पडलेलं असेल तर ते जरूर उचला.

गोळा केल्या दिवशीच गर काढा. गोड गर बियावर राहिला की रात्रभरात आंबतो आणि बुरशीला घर मिळतं. पाण्यात भिजवून, टोपलीत किंवा गोणपाटावर चोळून बी धुवा, तरंगणारं पोचट बी फेका. मग एकेरी थरात पसरा. सुरुवातीला दोन-तीन तास कोवळं ऊन चालेल, पुढचं सगळं वाळवण सावलीत, कारण अझाडिरॅक्टिन प्रखर उन्हात मोडतं. पाऊस सुरू झाला असेल तर घरात पंख्याखाली पसरा आणि दिवसातून तीन-चारदा हात फिरवा. पाच-सहा दिवस लागले तरी घाई नको. बी फोडल्यावर टरफल कडकन तुटलं आणि आतला मगज हिरवट-पिवळसर दिसला तर ते वाळलं. मगज तपकिरी किंवा काळा असेल तर ते बी बाद.

भरायला गोणपाट किंवा सुती पिशवीच वापरा. प्लास्टिकच्या पिशवीत, खताच्या रिकाम्या गोणीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात बी घामेजतं. जुलैत इथल्या हवेत ८० टक्क्यांहून जास्त दमटपणा असतो, म्हणून पोतं जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नका, फळीवर ठेवा. ओलसर बियावर वाढणाऱ्या बुरशींत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. कडुनिंबाच्या पानांचा अर्क याच विषाची निर्मिती रोखतो, हे १९८८ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं होतं. तरी कडुनिंबाचं बी स्वतः ओलं राहिलं तर त्याच बुरशीला बळी पडतं. कडू आहे म्हणून सडणार नाही, ही समजूत सोडा.

एवढा खटाटोप कशासाठी, ते अर्क काम कसं करतो त्यावरून कळेल. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत मगजाचं पाणी फवारलेलं पीक टोळांनी खाल्लं नाही. अझाडिरॅक्टिन १९६८ मध्ये वेगळं काढलं गेलं. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे की प्रयोगशाळेत तो पूर्ण तयार करायला २००७ उजाडलं. किडीची कात टाकण्याची क्रिया ज्या संप्रेरकावर चालते त्याच्या कामात हा रेणू अडथळा आणतो. अळी खाणं सोडते, कात टाकता येत नाही, मादी अंडी घालायला कचरते. म्हणजे फवारणीच्या दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्यांचा सडा दिसणार नाही, परिणाम तीन ते सात दिवसांत दिसतो. नेमकं याच काळात दुकानदार महागडी बाटली हातात देतो आणि बागायतदार घाबरून घेतो. चार दिवस थांबा. मात्र अळी मोठी झाली किंवा वांग्याच्या शेंड्यात शिरली की अर्क तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून फवारणी अंडी आणि कोवळ्या अळीच्या वेळीच हवी.

बी तीन महिन्यांनी वापरायला योग्य होतं आणि आठ-दहा महिन्यांनंतर त्याचा जोर उतरतो. म्हणजे आत्ताचं वाळवण ऑक्टोबर ते मार्चसाठी आहे. भर पावसात तर अर्क पानावर टिकतच नाही.

५ टक्के अर्क, १०० लिटरसाठी:
मगजाची भरड ५ किलो. तेल सुटेल इतकी बारीक दळू नका.
१० लिटर पाण्यात रात्रभर भिजत.
सकाळी दुहेरी फडक्यातून गाळणं, चोथा पुन्हा पाण्यात पिळणं.
२०० ग्रॅम साबण वेगळ्या पाण्यात विरघळवून मिसळणं.
पाणी घालून १०० लिटर.
गच्चीसाठी: १ लिटरला ५० ग्रॅम भरड, २ ग्रॅम साबण.

गाळलेला अर्क दुधासारखा पांढरट दिसला पाहिजे. तपकिरी आला तर बी बिघडलेलं आहे, दोष पुन्हा वाळवणाकडेच जातो. अर्क त्याच दिवशी संपवा. साबणामुळे पाणी अल्कधर्मी होतं आणि अशा पाण्यात अझाडिरॅक्टिन लवकर मोडतं. खाडीजवळच्या बोअरचं खारं पाणी टाळा, नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं वापरा. फवारणी दुपारी चारनंतर, पानाच्या खालच्या बाजूने, कारण मावा, तुडतुडे, पांढरी माशी तिथेच असतात. काकडीवर्गीय वेलांवर आणि रोपांवर आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस पाहा, पान करपलं तर प्रमाण निम्मं करा. मोगऱ्याला कळ्या दिसू लागताच सुरुवात करा, कळी पोखरली गेल्यावर उपयोग नाही.

बाकीची नेहमीची कामं:
वांग्याचे सुकलेले शेंडे आठवड्याला खुडून पुरणं.
पिवळे चिकट सापळे लावणं.
जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्याने धुणं.
पंप तळ्यात किंवा खाडीत न धुणं, कारण माशांना धोका असतो.

बी नाहीच साठवता आलं तर विकतचं घ्या, पण बाटलीवर पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग अझाडिरॅक्टिन), नोंदणी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख वाचूनच. १५०० पीपीएम असेल तर लिटरला ५ मिलि, १०,००० पीपीएम असेल तर २ ते ३ मिलि. नुसतं ‘शुद्ध नीम’ लिहिलेल्या बाटलीचं प्रमाण ठरवताच येत नाही, ती घेऊ नका. दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेलीही नको. सोबत गळ्यात मारलं जाणारं टॉनिक आणि महागडं स्टिकर नाकारा, चिकटायला साबण पुरतो.

घरात ठेवलेलं निंबोळी तेल लहान मुलांच्या तोंडी औषध म्हणून घालू नका. तान्ह्या मुलांना त्यातून गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी १९८१ मध्ये मलेशियातून आल्या होत्या.

गणपतीच्या आधी एकदा पोतं उलटं करा, तळातलं मूठभर बी फोडून मगजाचा रंग पाहा. दमट लागलं तर त्याच दिवशी पंख्याखाली पसरा. कुबट वास येत असेल तर नाकाला फडकं बांधून ते बी वेगळं काढा आणि चांगल्यात मिसळू देऊ नका.