चित्रकलेची विषयाशी सांगड घालताना या चुका टाळा

पाठ शिकवून झाला, तास संपायला दहा मिनिटं उरली, की "आता याचं छानसं चित्र काढा" अशी सूचना येते. मुलं खूश होतात, कागद भिंतीवर लागतात, पण त्या चित्राने विषय एक पाऊलही पुढे गेलेला नसतो. सगळ्यात मोठी चूक हीच. पाठ आखतानाच स्वतःला विचारा: हे चित्र काढलं नसतं, तर मुलाच्या लक्षात काय यायचं राहून गेलं असतं? उत्तर सापडत नसेल तर कृती बदला.

पान न बघता पान काढणं

"पानाचं चित्र काढा" म्हटलं की वर्गभर एकच पान उमटतं: दोन्ही टोकांना निमुळतं, मधोमध एक रेघ, दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा. हातात खरं पान असलं तरी मुलं डोक्यात बसलेलं पान काढतात. फळ्यावर नमुना काढून दिला, तर ती सवय आणखी पक्की होते. म्हणून नमुना देऊच नका.

त्याऐवजी कार्डशीटमध्ये ५ सेंमी बाजूची चौकोनी खिडकी कापा. ती पानाच्या मागच्या बाजूवर ठेवा, कारण शिरा तिथे जास्त उठून दिसतात. पहिली दोन मिनिटं पेन्सिल खाली ठेवायची आणि एका शिरेवरून बोट फिरवत ती कुठवर जाते ते बघायचं. मग खिडकीत दिसतं तेवढंच १५ सेंमी बाजूच्या चौकटीत, म्हणजे तिप्पट मोठं काढायचं. खोडरबर नको, रेघ चुकली तर शेजारी दुसरी ओढायची. आता मुलाला कळतं, की बाजूची शीर कडेपर्यंत सरळ जात नाही. ती वळते, तिला फाटे फुटतात, फाटे एकमेकांना जाऊन मिळतात. त्याच खिडकीत गवताचं पातं ठेवलं की शिरा शेजारी शेजारी धावताना दिसतात. 'जाळीदार' आणि 'समांतर' शिराविन्यास हे शब्द यानंतर सांगा, आधी नाही. आधी सांगितले की मुलं शब्दाचं चित्र काढतात.

मेणखडूने ठसा घ्यायचा असेल तर पान ताजं हवं, शिरांची बाजू वर, कागद पातळ आणि मेणखडू आडवा धरलेला. ठसा दुहेरी येतो तेव्हा कागद सरकलेला असतो. चिकटपट्टीने दोन कोपरे पक्के करा. मात्र ठसा म्हणजे निरीक्षण नव्हे. तो आपोआप उमटतो, त्यासाठी मुलाला बघावं लागत नाही.

गणितात फक्त रंग भरायला लावणं

सममितीसाठी घडी घालून आकार कापताना काही मुलांच्या हातात दोन सुटे तुकडे येतात. त्यांनी अर्धा आकार घडीच्या बाजूला न काढता सुट्या कडेला काढलेला असतो. कापण्याआधी घडीच्या कडेवर रंगीत ठिपके द्यायला सांगा: रेघ ठिपक्यांच्या कडेवर सुरू होते आणि त्याच कडेवर संपते. फसलेला कागद टाकून देऊ नका. "दोन तुकडे का झाले?" या प्रश्नात सममितीच्या अक्षाचा सगळा धडा आहे.

आयताचा कर्ण हा सममितीचा अक्ष आहे असं बऱ्याच मुलांना वाटतं, कारण त्याच्या दोन्हीकडचे त्रिकोण सारखेच असतात. तोंडी समजावत बसू नका. कर्णावर घडी घालू द्या. कोपरे जुळत नाहीत हे डोळ्यांसमोर दिसतं. मग चौरस दुमडायला द्या, तिथे जुळतात.

अपूर्णांकासाठी ३ × ४ चौकटींची जाळी द्या आणि एक तृतीयांश भाग रंगवायला सांगा, पण चार चौकटी एकमेकींना लागून हव्यात अशी अट घालू नका. विखुरलेल्या नक्षीतही चारच चौकटी येतात, हे कळणं म्हणजे अपूर्णांक कळणं.

रंगांचा चिखल

"लाल आणि निळा मिळून जांभळा" असं सांगावं आणि ताटलीत मात्र मळकट तपकिरी तयार व्हावा, हे नेहमीचं. दोष मुलाचा नाही. शेंदरीकडे झुकणाऱ्या लालमध्ये पिवळ्याची छटा असते, म्हणजे नकळत तिन्ही मूळ रंग एकत्र येतात. गुलाबीकडे झुकणारा लाल, क्रिमसन किंवा मॅजेंटा, वापरा. हिरव्यासाठी पिवळ्यात निळा थेंबाथेंबाने घाला. उलट केलं तर पिवळा संपत जातो आणि रंग निळाच राहतो. एका वेळी दोनच मूळ रंग द्या. प्रत्येक गटाला पाण्याची दोन भांडी हवीत: एक ब्रश धुवायला, दुसरं रंगात मिसळायला.

कागदाकडेही बघा. वहीचा पातळ कागद ओल्या रंगाने सुरकुततो आणि ब्रश पुन्हा पुन्हा फिरला की त्याचे लगदे सुटतात. ओल्या कामाला २०० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा हवा.

मुलाच्या कागदावर शिक्षकाचा हात

"थांब, असं काढ" म्हणत शिक्षकाने एक रेघ ओढली, की ते चित्र मुलाचं राहत नाही आणि पुढच्या वेळी ते मूल कागद घेऊन आधी तुमच्याकडे येतं. दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर दाखवा आणि तो बाजूला ठेवा. सात-आठ वर्षांचं मूल जमिनीची रेघ खाली, आकाशाची पट्टी वर आणि मध्ये मोकळी जागा ठेवतं. ही त्या वयाची चित्रभाषा आहे, तिथे यथार्थदर्शन, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवणं, शिकवायला जाऊ नका.

सुबकपणाला गुण

पानाच्या चित्रात गुण कशाला? फाटे दिसले का, शिरा कुठे मिळतात ते टिपलं का, यालाच. रेघांची सफाई विज्ञानाच्या नोंदीत धरू नका. रेघेची जाडी, जागेचा वापर यांबद्दल बोलायचं असेल तर तो वेगळा शेरा लिहा. ४० मिनिटांच्या तासात शेवटची १० मिनिटं राखून ठेवा, पाच आवराआवरीला आणि पाच चित्रांसमोर उभं राहून बोलायला. तिथे "छान" म्हणून पुढे जाऊ नका, "ही शीर इथे वळते हे तुला कशावरून कळलं?" असं विचारा आणि मुलाला पान हातात घेऊन दाखवू द्या.