आधी चार्जर काढा: जुना ऑफिसचा लॅपटॉप पारखताना

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात टिनाच्या एका खोलीत माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविम्याचे अर्ज, ई-केवायसी, पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि अंगठा लावून पैसे काढणं, हे रोजचं काम. आतापर्यंत मी दोन रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतले. पहिल्याने रडवलं, दुसऱ्यावर हे टाइप करते आहे. गावातल्या पोरापोरींचे फोन येतात, "ताई, नागपूरला चाललो, काय पाहू?" दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

रिफर्बिश्ड म्हणजे कुठल्यातरी कंपनीने तीन-चार वर्षं वापरून लॉटमध्ये काढलेला माल. डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक, लेनोव्होचा थिंकपॅड, ही त्यातली नेहमीची नावं. घरगुती स्वस्त लॅपटॉपपेक्षा यांची बिजागरी आणि कीबोर्ड दणकट असतात, पार्ट मिळतात, खालचं झाकण साध्या स्क्रूवर निघतं. साडेबारा-तेरा इंची असला की एसटीत मांडीवर मावतो. एवढी बाजू पक्की. पण दुकानात एसी असतो, चार्जर लावलेला असतो, झाकण चकाचक पुसलेलं असतं. माझ्या खोलीत मे महिन्यात दुपारी लाइट नसते आणि पत्रा तापलेला असतो. म्हणून नागपुरातल्या बर्डीला दुकानात बसल्या बसल्या आपल्या खोलीचे हाल त्या मशीनला दाखवायचे.

दुकानदार म्हणतो, "ताई, मख्खन मशीन आहे, चार घंटे बॅकअप." मी म्हणते, "दादा, चार्जर काढा." सगळं पाहणं चार्जर काढूनच करायचं, त्यात दीड-दोन तास जातात आणि बॅटरीची परीक्षा आपोआप होते. सुरुवातीचे टक्के कागदावर लिहा. ब्राइटनेस पूर्ण, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून एखादा व्हिडिओ लावा. अर्ध्या तासात शंभराचे ऐंशी झाले तर पूर्ण बॅटरी अडीच तास. माझ्या कामाला ते चालतं. अर्ध्या तासात साठवर आलं तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करायला लावा, नाहीतर उठा.

विंडोजमध्ये बॅटरीची कुंडलीही निघते. काळ्या कमांडच्या खिडकीत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी, मग एक स्पेस, तिरकी रेघ आणि लगेच बॅटरीरिपोर्ट हा जोडून एक शब्द इंग्रजीत टाइप करायचा. एक फाइल तयार होते. तिच्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता, असे दोन आकडे असतात. समजा मूळ ६०,००० आणि आता ४१,००० असेल, तर बॅटरी ६८ टक्के उरली. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आणि सायकल, म्हणजे चार्जच्या फेऱ्या, शून्य दिसली तर बॅटरी नवी असेल किंवा डुप्लिकेट असेल. अशा वेळी आपल्या कागदावरच्या टक्क्यांवर भरवसा ठेवा.

मग लॅपटॉप बंद करून काउंटरच्या काचेवर ठेवा आणि चारही कोपरे बोटाने दाबा. डुगडुगला तर पोट फुगलंय का पाहा. टचपॅड एका बाजूने वर आलेला किंवा क्लिक दाबली जात नसेल, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. असा लॅपटॉप फुकट दिला तरी टिनाच्या खोलीत नेऊ नका.

प्रोसेसरच्या बाबतीत "आय सेव्हन आहे" ऐकून भुलू नका. पुढचा आकडा वाचा. आय५-८३५०यू म्हणजे आठवी पिढी, चार कोअर. आय७-६६००यू म्हणजे सहावी पिढी, दोनच कोअर. नाव मोठं असलं तरी मशीन जुनं आणि कमी कामाचं. शिवाय विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. सातव्या पिढीवरही जुगाड करून ११ टाकून देतात. लोकांच्या आधारचं अन् बँकेचं काम करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. लॅटिट्यूड ७२९०, थिंकपॅड एक्स२८०, एलिटबुक ८३० जी५ ही २०१८ च्या आसपासची मॉडेलं आठव्या पिढीत मिळतात. रॅम किमान ८ जीबी. एक्स२८० ची रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, पुढे वाढत नाही, तेव्हा घेतानाच विचार करा. ७२९० मध्ये एक खाच असते, ८३० मध्ये दोन.

आता माझं रडगाणं. पहिला लॅपटॉप घेतला तेव्हा सगळं सुरळीत होतं. सहा महिन्यांनी मंद झाला म्हणून रिसेट मारला, वायफाय जोडलं, तर पडद्यावर एका अनोळखी कंपनीचं नाव आणि "तुमच्या ऑफिसचा ईमेल टाका". कंपनीने मशीन विकलं, पण आपल्या यादीतून काढलंच नव्हतं. दुकानात फोन केला तर म्हणे, "विकताना तर चालूच होता ना ताई." पक्कं बिल नव्हतं, मी तरी काय भांडणार? विम्याच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात पोराच्या मोबाइलवर फॉर्म भरत बसले.

म्हणून दुसऱ्या वेळी दुकानातच रिसेट करायला लावला आणि माझ्या हॉटस्पॉटवर जोडायला लावला. एवढ्या वेळापुरता चार्जर लावू द्या, त्याशिवाय रिसेट घेत नाही. पाऊण तास जातो. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या. मधल्या वेळात तर्री-पोहे खायला जायचं असेल तर खालच्या स्टिकरवरच्या सर्व्हिस टॅगचा किंवा सिरीयल नंबरचा फोटो काढून जा, आल्यावर जुळवा. तोच नंबर बायोसमध्येही, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्येही, दिसला पाहिजे. बायोस उघडताना पासवर्ड मागितला तर तिथेच सोडा. थिंकपॅडवरचा असा पासवर्ड काढायला कित्येकदा बोर्डापर्यंत जावं लागतं.

कीबोर्डवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण दिवसभर इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत टाइप करते. विलायतेतून आलेल्या मालात ३ च्या डोक्यावर पौंडाची खूण असते, एंटर उभा असतो आणि डावी शिफ्ट आखूड. त्या शिफ्टशेजारी एक जास्तीचं बटण असतं. इनस्क्रिप्टमध्ये के दाबलं की क, शिफ्टसह दाबलं की ख. करंगळी सवयीने शिफ्टवर जाते आणि पडते त्या बटणावर, मग खडसेचा कडसे होतो, मध्ये भलतंच चिन्हही येतं. स्टिकर लावून झाकलेला कीबोर्ड असेल तर एक स्टिकर नखाने उचलून खाली काय छापलंय ते पाहा. मग आपलं, नवऱ्याचं, गावाचं नाव दहा वेळा टाइप करा.

स्क्रीनचं थोडक्यात. १३६६ बाय ७६८ ची असेल तर सातबाऱ्याची पीडीएफ सारखी वरखाली करावी लागते, १९२० बाय १०८० ची घ्या. बाजूने पाहा, रंग उलटेपालटे झाले तर पॅनेल हलकं. डेलवर डी दाबून धरून पॉवर बटण दाबलं की एकेक रंग पूर्ण पडद्यावर येतो, डाग लगेच कळतात.

घरून एक पिशवी न्या: अंगठ्याचं मशीन, पेनड्राइव्ह, इअरफोन. प्रत्येक यूएसबीत अंगठ्याचं मशीन लावून वायर हळूच हलवा. दिवा विझला तर खाच ढिली आहे. एक्स२८० मध्ये लॅनची नेहमीची मोठी खाच नाही, जोडणी वेगळी लागते, हे वायरचं नेट वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. चार्जर मूळ कंपनीचाच मागा. डेल नकली चार्जर ओळखतो, मग बॅटरी चार्ज करत नाही आणि मशीनही मंद चालवतो. घरी चार्जिंगला असताना बॉडीला हात लावला आणि झिणझिण्या आल्या तर लॅपटॉपला शिव्या देण्याआधी भिंतीवरच्या लाइटच्या बोर्डाची अर्थिंग पाहा. आमच्याकडे तिसऱ्या भोकात वायरच जोडलेली नव्हती.

शेवटी खालचं झाकण उघडायला सांगा. पंख्याच्या जाळीत धूळ गच्च असेल तर रिफर्बिश्ड म्हणजे नुसतं बाहेरून पुसलंय. आमच्याकडे कापूस निघाला की रुईचे तंतू सगळीकडे जातात, त्यामुळे दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मी पंखा साफ करते. ब्लोअर मारताना पंख्यात दातकोरणी अडकवायची, गरगर फिरू द्यायचा नाही.

बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सर्व्हिस टॅग, रॅम, एसएसडी आणि वॉरंटीचे दिवस लिहून घ्या. "टेस्टिंग वॉरंटी" म्हणजे किती दिवस, तेही आकड्यात. बॅटरी बहुतेक वेळा वॉरंटीत नसते. माझा ७२९० मला १८,५०० ला पडला, १९ सांगितले होते. पाचशे कमी झाले ते त्या स्टिकरच्या कीबोर्डमुळे.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला लाइट नसताना केंद्र उघडून बसले. पंखा घुरघुरला, पण मशीन अडकलं नाही. पहिलीच गिऱ्हाईक शेजारची आजी. तीनदा अंगठा लावला, घेतला नाही. "जुनं मशीन आणलं काय वं बाई?" म्हणाली. शेवटी मधलं बोट लावलं, तेव्हा पैसे निघाले.